वाटूर फाट्यावरची स्क्वॉशची वही

भारताच्या स्क्वॉश संघाचा सगळ्यात सख्खा नातेवाईक वाटूर फाट्यावर बियाण्याचं दुकान चालवतो, असं मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे जरा जपूनच पाहतात. पण ते खरं आहे. हे नातेवाईक म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचे मामा. संघातल्या एकाही खेळाडूला ते भेटलेले नाहीत, संघाला त्यांचा पत्ता ठाऊक नाही, आणि स्क्वॉशचा खेळ त्यांनी उभ्या जन्मात एकदाच, तोही काचेतून, पाहिलेला आहे. तरी आपला संघ परदेशात खेळायला निघाला की मामांच्या चेहऱ्यावर लेक पहिल्यांदा सासरी पाठवल्याचा भाव येतो आणि संघ परत येईपर्यंत हटत नाही.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मुलीचे मामा म्हणून तिला बोहल्यावर आणून उभी करायचा मान त्यांचा. अंतरपाट धरलेला, भटजी घसा साफ करत होते, एवढ्यात मामा अंतरपाटाच्या कडेने माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, आपला महिला संघ पुढच्या फेरीत गेलाय बरं का." मला वाटलं कबड्डी. प्रसंग बाका होता, काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "पकड चांगली आहे आपल्या मुलींची." मामा सरळ होऊन भाचीशेजारी जाऊन उभे राहिले. पण त्या क्षणी त्यांनी माझ्याविषयी जे मत बनवलं ते बदलायला मला पुढे सहा-सात वर्षं लागली.

हे वेड त्यांना लागलं ते हैदराबादेत. तरुणपणी एका बियाणे कंपनीने दुकानदारांना मेळाव्यासाठी तिकडे नेलं होतं. जेवणाची सोय एका मोठ्या क्लबात होती. हात धुवायला म्हणून मामा गेले ते वाट चुकले आणि एका काचेच्या खोलीसमोर जाऊन उभे राहिले. आत दोन माणसं घामाघूम होऊन एका भिंतीला चेंडू मारत होती. बघायला कुणी नाही, टाळी नाही, हूं की चूं नाही. मामा तासभर तिथेच उभे. जेवण हुकलं, मेळाव्यातलं मुख्य भाषण हुकलं आणि परतीची गाडी हुकता हुकता राहिली. पुढे त्यांना कळलं की या खेळाचा देशाचा संघसुद्धा आहे, तो जगभर जातो, कधी जिंकतो, कधी हरतो, आणि आपल्या भागात त्याची कुणी दखलसुद्धा घेत नाही. हे त्यांच्या जिवाला लागलं. मला एकदा ते म्हणाले, "क्रिकेटला सगळे हायेत, जावईबापू. कबड्डीलाबी गाव हाय. ह्यांच्याकडून कोन हाय? कुनीतरी बसाया नको का ह्यांच्या बाजूनं?" मग ते स्वतःच बसले, आणि गेली कित्येक वर्षं तिथून उठलेले नाहीत.

बसले म्हणजे वही घातली. मामांना नोंद ठेवायची एकच पद्धत येते, ती उगवण चाचणीची. आमच्या भागात पेरणीच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांनी मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते मोजतात. सत्तरच्या खाली भरले तर ते बियाणं विकायचं नाही. मामांकडे याचं लांबलचक रजिस्टर असतं. रकाने पाच: वाण, कुठे टाकलं, किती टाकले, किती उगवले आणि शेवटी शेरा. संघाची वही त्यांनी त्याच छापील रजिस्टरात घातली. वाण, भारत (पुरुष) किंवा भारत (महिला). कुठे टाकलं, तर ज्या शहरात सामना झाला ते शहर. एका लढतीत तीन खेळाडू उतरले तर टाकले तीन, दोन जिंकले तर उगवले दोन. एखादं वाण सलग तीनदा उगवलं नाही तरी मामांनी शेऱ्यात 'हरले' असा शब्द कधी लिहिला नाही. 'हवा मानवली नाही', 'जमीन नवी', 'समोरचं वाण फार जुनं आणि तगडं', असं काहीतरी असायचं. मात्र आकड्यात त्यांनी कधी एका दाण्याची लबाडी केली नाही. एका लढतीत तिघेही पडले तेव्हा मीच म्हणालो, राहू द्या ना एखादं पान कोरं. त्यावर ते म्हणाले, "न उगवलेलं बी लिहावंच लागतंय. न्हाईतर उगवल्याला काय किंमत?"

ते पेपर खालून वर वाचतात, कारण स्क्वॉशची बातमी आलीच तर खेळाच्या पानावर तळाला, टायरच्या जाहिरातीच्या शेजारी येते. खेळाडूंना ते नावाने हाक मारत नाहीत. 'एक नंबरची पोरगी', 'डावखुरा', 'धाकटी' अशी घरगुती नावं आहेत. धाकटीचा गुडघा दुखावल्याचं छापून आलं तेव्हा दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ते सांगितलं, आणि गिऱ्हाइकांनीही कुणाची धाकटी हे न विचारता हळहळ व्यक्त केली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर गुडघा शेकायला निरगुडीचा पाला आणून दिला. मामी मात्र या सगळ्याकडे थंडपणे पाहतात. "पोरीच्या बारशाची तारीख इचारली तर आठवत न्हाई," त्या मला म्हणाल्या, "पन मलेशियात कोन कव्हा पडलं ते बराबर सांगत्याल."

वहीत एकच पान अर्धवट होतं. मामांच्या दुकानात मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. महिला संघाची बाद फेरीची लढत होती. होणार म्हणून दोन ओळी छापून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी क्रिकेटचं काहीतरी मोठं झालं आणि खेळाचं पान त्यातच संपलं. मामा परतूरला जाऊन आले, जालन्याच्या बस स्टँडवर जाऊन मिळतील तेवढे पेपर उलटे करून आले. कुठेच निकाल नाही. त्यांनी रजिस्टरात वाण लिहिलं, शहर लिहिलं, टाकले तीन लिहिलं, आणि पुढचा रकाना मोकळा सोडला. पुढे माझ्याकडे मोबाईल आल्यावर मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, की आत्ता दोन मिनिटांत शोधून देतो. मामांनी माझा हात धरला. "राहू द्या," ते म्हणाले. "ती गुंडाळी उघडू नका. अजून ओल हाय तिच्यात." मला तेव्हा हसू आलं होतं, हे कबूल करतो.

मग दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ते प्रकरण झालं. पेरणीच्या तोंडावर दुकानांची तपासणी असते. तालुक्याच्या कचेरीत एक तरुण निरीक्षक नवीन आला होता, कामाला कडक. त्याने उगवणीची रजिस्टरं मागितली. मामांनी फळीकडे बोट दाखवलं आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले. निरीक्षकाच्या हाती नेमकी ती वही आली. त्याने पाहिलं की 'भारत (पुरुष)' नावाचं एक वाण या दुकानातून वर्षानुवर्षं जातंय आणि त्याची उगवण कधी शंभरात तेहतीस, कधी शून्य. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे बियाणं कुठं दिलंत?" त्याने विचारलं.

मामा अभिमानाने म्हणाले, "लई ठिकानी गेलंय, सायेब. मागच्या टायमाला मलेशियात टाकल्तं."

पंचनामा झाला. वही जप्त, आणि खुलासा येईपर्यंत विक्री बंद. पेरणीच्या आठवड्यात शटर खाली. वाटूर फाट्यावर याहून मोठं संकट माणसावर येत नाही.

मामींचा फोन आला आणि मी जालन्याहून तातडीने निघालो. मामांना घेऊन कचेरीत गेलो. खरा प्रकार कळल्यावर निरीक्षकाचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता, पण पंचनाम्याचा कागद वर गेला होता. त्याने मार्ग काढला. मामांनी एवढंच लिहून द्यायचं, की सदर वहीतल्या नोंदी निरर्थक असून त्यांचा दुकानाशी संबंध नाही. वही परत, दुकान चालू. मी खिशातून पेन काढलंसुद्धा.

"दुकानाशी संबंध न्हाई, हे लिहून देतो," मामा म्हणाले. "दुसरं न्हाई."

"अहो, एक शब्द आहे," निरीक्षक म्हणाला.

"ती पोरं तिकडं जीव तोडून खेळून राह्यली, सायेब. मी इकडं त्यांना निरर्थक लिहून देऊ?"

मी बरेच शब्द सुचवले. 'खाजगी' त्यांना चाललं नाही, संघ देशाचा होता. 'छंद' म्हटल्यावर ते माझ्यावर रागावले. छंद पत्त्यांचा असतो म्हणाले. त्यांना त्यांचं स्वतःचं वाक्य हवं होतं: ही वही भारताच्या स्क्वॉश संघाच्या कामगिरीची नोंद आहे. निरीक्षक हताश होऊन म्हणाला, की हे वरच्या साहेबांपुढे ठेवलं तर कचेरीभर हसतील. मामा उठले आणि नमस्कार करून बाहेर आले. बाहेर मी त्यांना बरंच बोललो. पेरणी थांबत नाही, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात चाललंय, एका शब्दासाठी हा हट्ट कशाला, असं सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय. पन माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

आठ दिवस दुकान बंद होतं. मामा रोज सकाळी बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याला सांगत, समोरून घ्या, चांगलं बी हाय त्याच्याकडं. माझी रजा संपत आली तरी मला निघवेना. आठव्या दिवशी दुपारी निरीक्षक मोटारसायकलवर स्वतः आला. काखेत वही होती. मामांचं वाक्य जसंच्या तसं टंकून आणलेल्या कागदावर त्याने सही मागितली. मामांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. "आणि कचेरीतले हसले तर?" मी विचारलं. "हसले," तो म्हणाला. मग चहाचा कप उचलत म्हणाला, "मी शाळेत खो-खो खेळायचो. राज्याच्या संघापर्यंत गेलो होतो. त्याचा कागदसुद्धा नाही कुठे." चहा घेऊन तो उठला आणि जाता जाता सहज म्हणाला, "सगळी वाचली मी वही. एक पान अर्धं राहिलं होतं तुमचं. मोबाईलवर शोधून पेन्सिलीने भरलंय."

मला वाटलं, मामा आता त्याच्यावर भडकणार. मामांनी मात्र हात जोडून त्याचे आभार मानले आणि मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग वही माझ्यापुढे ठेवली. "वाचा, जावईबापू. माझा धीर व्हत न्हाई."

पान उघडलं. बारीक, नेटक्या अक्षरात एक आकडा होता. खोटं बोलावं असं मला फार वाटलं. माणूस इतकी वर्षं एवढ्या एका पानाच्या आशेवर राहिला होता आणि माझ्या एका वाक्याने ती आशा आणखी काही वर्षं टिकली असती. पण एक खोटा शब्द लिहायला नको म्हणून ज्याने पेरणीचे आठ दिवस घालवले, त्याच्यासमोर माझी जीभ रेटेना.

"टाकले तीन," मी म्हणालो. "उगवला एक."

मामांनी वही आपल्याकडे ओढली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. समोर रस्त्यावरून ट्रक जात होते. मला वाटलं, आता ते जमीन नवी होती किंवा हवा मानवली नाही असं काहीतरी म्हणतील.

"म्हंजे त्या दिवशी पोरी हरल्या व्हत्या," ते म्हणाले. "अन् मी इकडं खुशाल उमेद धरून बसल्तो. इतकी वर्सं. त्यांच्यासाठी त्याच दिवशी कुनीतरी वाईट वाटून घ्यायला पायजे व्हतं." मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उपरण्याने पुसला. "अन् एक जिंकल्ती. तिला कुनी शाबासबी म्हनलं नसंल."

त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. पेन्सिलीचा आकडा शाईने गिरवला, सावकाश. शेऱ्याच्या रकान्याशी मात्र ते अडले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे अडलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, वही मिटली, फळीवर ठेवली आणि शटर वर केलं. दोन शेतकरी तिथेच थांबले होते, त्यांना बियाणं मोजून दिलं.

निघण्याआधी मी हळूच वही काढून पाहिलं. त्या पानावर शेरा होता: 'शाबास, बाळा. कळायला उशीर झाला.'