मामाच्या ढेरीवर टेकलेली गिटार

दुपारची जेवणं झालीत, पंखा घरघरतोय, आणि सुवार्ता डाव्या खांद्याखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन चटईवर पडलीय. डोळा लागतोय, पण संताप काही झोपू देत नाही. उद्या ईस्टर. चर्चच्या भक्तीत तासभर उभं राहून गिटार वाजवायची, आणि खांदा तर आत्ताच ठणकतोय. गायनमंडळाच्या शांतवनकाकांनी सकाळीच सुनावलं, "पोरीच्या जातीला नाही झेपायचं ते. अमोलला देऊ." पोरीची जात म्हणे!

पिशवी गार होत जाते आणि समोर यशवंतमामा पाटावर बसून बशीत चहा ओततोय. मामा कधीच गेलाय, हे तिला पक्कं ठाऊक आहे. गिटार त्याचीच. शिकवलं त्यानंच, आणि "गिटारची मान पडू देऊ नकोस, खांद्यात दम नाही का?" असं येता-जाता टाकून बोलणाराही तोच.

"काय गं, फुगलीस?"

"फुगलीस काय विचारतोस? डोकं फिरलंय माझं! जरा हात सोडला की तुझी गिटार तोंडघशी पडते. डाव्या हातानं मान उचलून धरायची आणि त्याच हातानं सूर दाबायचे. कसं जमावं माणसाला?"

"मला जमायचं."

"मग घाल बघू गळ्यात!"

मामा उठतो तो पाटावरून नाही, चर्चच्या बाकावरून. वेदीच्या जागी एसटीची चौकशी खिडकी आहे, आणि त्याचं कुणालाच नवल नाही. तो गिटारचा पट्टा गळ्यात अडकवतो. तेव्हा कुठे सुवार्ता त्याला नीट बघते. शर्ट अंगावर लोंबतोय. हा आजारपणातला मामा, वाळलेला. तो हात सोडतो आणि गिटारची मान धाडकन खाली येऊन त्याच्या गुडघ्यावर आदळते.

"बघितलंस?" ती ओरडते, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. "अरे देवा! तुझं पोट! एवढी थोरली ढेरी, तिच्यावर गिटार कडेवरच्या पोरासारखी बसायची. पडणार कशी? धरायची तुझी ढेरी, आणि बोलणी खायची मी!"

मामा हसायला लागतो. मग थांबतो. दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा आहे, फिनेलचा वास येतोय.

"शेवटी माझ्या गळ्यातही पडायला लागली," तो म्हणतो. "पोट उतरलं ना. तेव्हा कळलं."

"म्हणून वाजवायचं सोडलंस? आम्हाला वाटलं, ताकद गेली."

"वाटू दिलं."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"लाज वाटली गं. इतकी वर्षं तुला बोललो होतो."

"खड्ड्यात गेली तुझी लाज! माझा खांदा गेला त्यात!" तिला रडू फुटतं, आणि रडू आलं म्हणून आणखीच चीड येते.

मामा गिटार उलटी करतो. पट्टा अडकवायचं बटण गिटारच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी आहे. मग तो गिटारच्या अंगाचं वरचं टोक मानेच्या बाजूला शिंगासारखं लांब निघालंय, त्या शिंगाच्या टोकावर बोट ठेवतो.

"बटण आधी इथं होतं. इथं असलं की मान पडत नाही. पण तसं माझ्या पोटावर नीट टेकायची नाही, म्हणून मीच मागं नेलं. भोकात सुताराची लांबी भरून वरून रंग मारला."

"आणि आई तिला हात लावू देत नाही! भावाची आठवण म्हणून स्क्रूसुद्धा हलवू देत नाही. सांगू काय तिला? मामा येऊन गेला?"

"विचारूच नकोस. खरवड."

स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी दोघं खाली बसतात. लांबी दगडासारखी घट्ट झालीय. मामा गिटार घट्ट धरून ठेवतो, ती नखानं उकरत राहते.

"दुखतंय का?" तो विचारतो.

"तुला आत्ता सुचतंय होय विचारायला?"

घाम आलाय. पंखा बंद आहे, वीज गेलीय. सुवार्ता चटईवर उठून बसते. मांडीवर गिटार, उजव्या हाताच्या नखांत पांढरी लांबी गच्च भरलेली, आणि शिंगाच्या टोकावर उघडं, स्वच्छ भोक.

आई फोन हातात धरून दारात येते. "शांतवनकाका आहेत. अमोलला सांगू का, विचारताहेत." तिची नजर गिटारवर जाते. "अगं बाई! यशवंताच्या गिटारला काय केलंस हे?"

"बटण होतं तिथं परत लावतेय."

"आणि यांना काय सांगू?"

"सांग, सुवार्ताच वाजवणार. तिच्या खांद्यात काही कमी नाही म्हणावं." ती नखं पुसत नाही, आईच्या डोळ्यांपुढे धरते. "कधीच नव्हतं, आई."