काकडाशिवाय शेवळं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवळं निवडली. संध्याकाळी, ओटीवर, मधे सूप ठेवून. शेवळं ही आमच्याकडची रानभाजी, पावसाच्या तोंडाला जमिनीतून कोंब काढून वर येते. वरचं साल काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग खुडून फेकायचा, राहिलेलं बारीक चिरायचं. हाताला तेल लावून बसायचं, नाहीतर बोटं खाजून जीव जातो. तिनं माझ्या हातावर तेल घातलं. दुपारी घरात जे झालं होतं त्यानं मान वर करायची सोय ठेवली नव्हती. मान माझी खाली होती. ती आपली निवडत होती.

काय झालं होतं ते सांगायचं तर आधी चौथी पास माणूस लेखक कसा झाला ते सांगायला लागतं.

मुरबाडहून घाटाकडं जाताना टोकावड्याच्या पुढं एका शहरातल्या जोडप्यानं जागा घेतली होती. दोन पोरं, दोन्ही शाळेत नाहीत. आईबापच घरी शिकवायचे. गावात दुसरा विषयच नव्हता. मी एकदा टोकावड्याच्या धाब्यावर चहा पिताना मोठ्यानं बोललो, "आमची पोरं आमी गुरांमागं धाडली तर मास्तर दारात येऊन शिव्या देऊन गेला. यांनी पोरं घरात ठेवली तर त्याला म्हणं शिक्षण!" सगळे हसले. मागच्या बाकड्यावर त्याच पोरांची आई बसली होती. मला वाटलं आता भांडण होणार. ती उठून आली आणि म्हणाली, "बरोबर बोललात काका. मग तुम्हीच सांगा, गुरांमागं गेलेलं पोर काय काय शिकतं?"

मी सांगत बसलो. चहा दोनदा झाला. ती म्हणाली, हे लिहून द्या. तिचं एक छोटं मासिक होतं, तिच्यासारखं पोरांना घरी शिकवणाऱ्या आईबापांसाठी. पुण्याला, नाशकाला, मुंबईला अशी थोडी थोडी घरं होती, तिथं ते टपालानं जायचं. मी म्हटलं, ताई, मी चौथी पास, तीबी मास्तरानं ढकलला म्हणून. ती म्हणाली, शुद्धलेखन मी बघते, तुम्ही फक्त हातानं करायचं काम सांगा.

पहिला लेख पेंढ्याची दोरी वळायचा. लिहून बायकोला वाचून दाखवला. तिला अक्षर येत नव्हतं. ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं गो?"

"अवो, तुमी लिवलंय तशी दोरी वळायची तर तिसरा हात लागंल. त्या पोरानं तो आणायचा कुठून?"

मला राग आला. ती उठली, पेंढा घेऊन आली, पाय पसरून बसली. "वाचा. मी शहरातली पोर हाय. मला कायच येत नाय."

मी वाचलं तसंच तिनं केलं. जे लिहिलं नव्हतं तिथं तिचे हात थांबले.

"पुढं काय?"

"अगो, वळ ना!"

"वळ म्हणून लिवलंय कुठं?"

मी लिहिलं, वळ. कुठल्या बाजूला ते विचारलं तिनं. मी खोडलं, परत लिहिलं. लेखाला तीन दिवस गेले, पण छापून आल्यावर नाशकाच्या एका पोरीनं वळलेली दोरी ताईकडं पाठवली. वाकडी होती, पण दोरी होती. ती आमच्या घरात खुंटीला लटकवून ठेवली होती.

तेव्हापासून आमची हीच रीत. मी वाचायचं, तिनं शहरातली पोर व्हायचं. चिंबोरी पकडायची कशी, बी पेरायच्या आधी पाण्यात टाकून पोकळ दाणा कसा काढायचा, भाकरी थापताना पीठ फाटलं तर काय. भाकरीच्या वेळी तिनं मुद्दाम माझ्या लिहिण्याप्रमाणं पाणी घातलं आणि सगळं पीठ परातीबाहेर वाहायला लागलं. "लेखकाची भाकर प्या आता," म्हणाली.

ताईनं विचारलं होतं, दोघांची नावं घालू का? ही म्हणाली, माजं नाव कशाला, मी तर शहरातली पोर. मग माझंच नाव यायचं. मुरबाडच्या स्टँडावर लोक चिडवायचे, "काय लेखक, आज काय शिकवलंत?" मी शिवी हासडायचो, पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. शेतावर जाताना सुद्धा सदऱ्याच्या खिशाला पेन लावायला लागलो होतो. चिखलात पेनाचं काय काम होतं?

शेवळाचा लेख मला वैशाखात लिहायला लागला, कारण मासिक महिनाभर आधी तयार व्हायचं. वैशाखात शेवळं नसतात. ही म्हणाली, "आता मी करून बघू काय? दगड चिरू? पुढल्या वर्षी लिवा."

मी म्हटलं, "शेवळं करायला मला शिकायला लागतंय काय? जन्म गेला खाण्यात."

"खाण्यात गेला. करण्यात नाय."

"बरं मग, नाय वाचत तुला."

आणि नाही वाचला. तसाच देऊन टाकला.

त्यात सगळं लिहिलं होतं. कुठं उगवतात, ओळखायची कशी, हाताला तेल, पिवळा भाग, कांदा, मिरची, सुकट. फक्त काकडं लिहिली नव्हती. काकडं म्हणजे काकडी नव्हे. जंगलातल्या झाडाची बारकी हिरवी आंबट फळं असतात, ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. त्या आंबटानं शेवळाची खाज मरते. आमच्याकडच्या बाजारात शेवळं विकणारी बाई मूठभर काकडं न मागता घालते. चहा करायचा सांगताना पाणी घ्या असं कोण सांगतं? काकडाशिवाय शेवळं कोण खाईल, एवढा येडा कोण आहे, असं मला वाटलं असणार. वाटलं असणार म्हणतो, कारण मनात आलंच नाही. मी ज्यांच्यासाठी लिहीत होतो त्यांना काकडं कुठली ठाऊक?

त्या दुपारी ताई आली. बसली नाही, उभ्यानंच सांगितलं. पुण्याचं एक कुटुंब सुट्टीला डोंगरात गेलं होतं. मासिक हातात धरून त्यांनी पोरांबरोबर शेवळं शोधली, ओळखली, माझ्या लेखाप्रमाणं भाजी केली. धाकट्या मुलीनं आधी खाल्ली. जीभ सुजली, घसा सुजला, तिला थुंकी गिळता येईना. डॉक्टरनं एक दिवस ठेवून घेतलं.

"आता बरी आहे, काका. आणि ते रागावलेले नाहीत. त्यांनी फक्त विचारलंय, आमचं काय चुकलं?"

रागावलेले नाहीत, हे ऐकून मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार दिल्या असत्या.

"काकडं," मी म्हटलं. "काकडं राहिली."

ताईला काकडं म्हणजे काय ते सांगायला लागलं. ते तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं करू. छपाईत एक ओळ गळली असं छापते. लोक तुमच्यावर विश्वास टाकतात, काका. तुमचं नाव खराब व्हायला नको."

मी नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "हां, छपाईतच गेली असंल."

खरंच गेली असल्यासारखं तोंड केलं. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

ताई निघताना म्हणाली, दुरुस्तीच्या दोन ओळी लिहून उद्या सकाळच्या एसटीनं धाडा. कंडक्टर टोकावड्याच्या धाब्यावर टाकायचा, तिथून तिला मिळायचं.

संध्याकाळी शेजारणीनं शेवळं आणून दिली. ती निवडायला आम्ही बसलो. निवडता निवडता बायकोनं विचारलं.

"ती पोर केवढी?"

"सात-आठ वर्षांची असंल."

"थुंकी गिळता येत नाय म्हंजे काय, म्हाईत हाय तुमाला?"

मी शेवळं सोलत राहिलो.

"आनि त्या छापनाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"त्याला कोण वळखतो? कुठला कोण."

"मंग तुमाला कोण वळखतो? मुरबाडच्या स्टँडावरची चार टाळकी."

हे लागलं. मी म्हटलं, "तुझ्यामुळं झालं. तू करून बघितलं असतंस तर राहिलं असतं का?"

बोललो आणि बोटं थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता सूप अंगावर येणार.

"हां," ती म्हणाली. "मंग तसं लिवा. खरं हाय ते. बायकूनं करून बघितलं नाय म्हनून राहिलं. पन त्या छापनाऱ्याला मधे आनू नका."

"तुला मधे आणू?"

"आना की. मला कोण वळखतंय?" मग थोडी हसून म्हणाली, "सकाळी लिवा आनि मला वाचून दाखवा. मी ती शहरातली पोर होते. ऐकून माजा राग गेला तर धाडा. नाय तर परत लिवा."

भाजीत तिनं काकडं मुद्दाम जास्त घातली. पहिल्या घासाला माझे दात आंबले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "आता तरी ध्यानात राहील," म्हणाली आणि स्वतःच हसली. मी हसलो नाही. फुगून बसलो होतो. हसायला काय लागत होतं?

ती नेहमी माझ्या आधी उठायची. सकाळी मी उठलो तर चूल थंड होती. तिच्या हाताला हात लावला आणि समजलो. मी मढी उचललेला माणूस आहे, मला कुणी सांगायला लागत नाही.

अशा वेळी काय करायचं तेही ठाऊक होतं. तोंडात पाणी घालायचं. शेजाऱ्याला हाक मारायची. भातसानगरला धरणावर पोरगा कामाला, त्याला फोन लावायचा. उंबरमाळीला तिच्या भावाला निरोप धाडायचा. हे सगळं ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की एकदा दार उघडलं की बाराव्यापर्यंत हातात पेन येणार नाही, आणि तोवर मी परत छपाईच्या थापेवर येईन. मी मला ओळखतो.

मी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं. बायको पुढ्यात पडलेली आणि हा माणूस लिहायला बसला. त्याची मला आजही लाज वाटते. पोराला हे मी कधी सांगितलं नाही.

लिहिलं की शेवळं काकडाशिवाय खायची नसतात, हे मी लिहायला विसरलो. छपाईची चूक नाही. लेख बायकोला वाचून दाखवायची आमची रीत आहे, ती या वेळी मी मोडली. तिची चूक नाही. त्यामुळं थोडी खाज सुटली, त्याची माफी असावी.

मग तिच्याजवळ बसलो आणि वाचून दाखवलं. तिनंच सांगितलं होतं. थोडी खाज सुटली, इथं माझी जीभ थांबली. तिनं तिथंच धरलं असतं. ते खोडलं आणि लिहिलं, मुलीला थुंकी गिळता आली नाही. परत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

दार उघडून शेजाऱ्याला हाक मारली. तो तोंडात राखुंडी घेऊन तसाच आला. कागद त्याच्या हातात दिला.

"हा एसटीच्या कंडक्टरकडं दे. टोकावड्याच्या धाब्यावर टाक म्हणावं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आत बघितलं. "वहिनी?"

"आधी हा देऊन ये," मी म्हटलं. "गाडी जाईल."