थांबवायचं बटण

माझ्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, जुन्या वायरी आणि किस्से. वायरी निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून चहा पाजून तुम्हाला बसवलंय!

आंधळगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान. पूर्वी लोक पोरांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर न्यायचे, आता बैठकीतल्या टीव्हीला जोडायला नेतात. सिनेमे, भजनं, लग्नाचे व्हिडिओ, सगळं एका डब्यात. आणि हा डबा पसंत करायला अख्खं घर येतं. प्रत्येकाला वेगळाच पाहिजे असतो. माझं डोकं जातं ते तिथे!

*

करडीच्या एका राइस मिलवाल्या शेठना मी दुकानातला सगळ्यात भारी डबा दाखवला. जेवणाच्या टिफिनएवढा. शेठ बघतच राहिले.

"एवढासा? पाहुण्यायले काय भिंग देऊ का पाहाले?"

म्हटलं, शेठ, चीज चांगली आहे, आकार कशाला बघता? पण पटेचना. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचं मोठं रिकामं कॅबिनेट पुसून काढलं, डबा त्यात बसवला, वर निळा लाइट लावून दिला. शेठ खूश!

पुढे एका पाहुण्यानं जाळीतून आत डोकावून विचारलं म्हणे, "अर्धं तं रिकामंच दिसते जी?"

शेठ म्हणाले, "वाढत्या अंगाचा घेतला. पोरं मोठे होऊन राहिले ना!"

*

आमचे गुरुजी मापासाठी सुतळी घेऊन आले. एक गाठ टीव्हीची, एक शोकेसची, एक सोफ्याची. कुठली कशाची, ते वाटेतच विसरले. तरी डबा घेतला. खोका गाडीला बांधायला दोरी नव्हती, म्हणून मी तीच सुतळी कापून बांधून दिली.

संध्याकाळी गुरुजींचा फोन. "शोकेसमध्ये बसत नाही! तुम्ही माह्यं माप कापलं!"

*

दसऱ्याच्या दिवशी आसगावच्या एका वहिनींचा फोन. "भाऊ, रिमोट मेला!"

सेल बदलून झाले होते, तरी तेच. आसगाव काय जवळ आहे? सणाचं जेवण टाकून गाडी काढली, भंडारा ओलांडून गेलो. बघतो तर डब्यावर रिमोटसाठी जी बारकी काळी काच असते ना, तिच्यावर बरोब्बर मधोमध हळद-कुंकू! वर अक्षता. मी रुमाल काढला तर वहिनी ओरडल्या, "अजी, पुसू नका! पूजा झाली हाय त्याची!"

"मग रिमोट चालणार कसा, वहिनी?"

वहिनी आत गेल्या. करंडा आणला आणि रिमोटलाही टिळा लावला. "घ्या. आता दोघायची झाली. पाहा चालते का!"

*

मोहाडीच्या एका साहेबांना सोबत वायरलेस कीबोर्ड हवा होता, बायकोला मुळीच नको. "काहून नको?" साहेब चिडले.

"कीबोर्ड दिसला का तुम्ही ऑफिसचं काम काढसान, अन् माही सिरियल बंद करसान!"

साहेबांनी मुकाट्यानं नुसता रिमोटवाला घेतला.

*

विमलकाकू मात्र एकट्याच आल्या. त्यांचे यजमान गोविंदकाका झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागला की गावोगाव विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायचे. कितीतरी हिरो त्यांच्या जिवावर टाळ्या घेऊन गेले. मग काकांची नजर पार गेली, बोलावणी बंद झाली, आणि काका घरातही बोलेनासे झाले.

"दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसून राह्यते, बाबू. हो नाहीतर नाही, तेवढंच. माह्या जिवाले घोर लागला." काकूंचे डोळे भरून आले.

काकांच्या जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग भाच्यानं पेनड्राइव्हवर आणून दिली होती. मी उत्साहानं रॅम, जीबी सांगायला लागलो. काकूंनी हातानंच थांबवलं.

"थे राहू दे. मशीन घरघर करते का?"

"हे नाही करत. याला पंखाच नाही."

"अन् थांबवायचं बटन? त्याचाही आवाज नको. पेनड्राइव्ह सरळ टीव्हीले लावला तं थांबवल्यावर टुंगकन वाजते."

मग त्यांनी दुकानातला एकेक रिमोट हातात घेतला. तोंड दाराकडे, रिमोट पदराखाली, अंगठ्यानं नुसतं चाचपायचं. थांबव, चालू कर. थांबव, चालू कर. मी म्हटलं, "काकू, बघून दाबा ना!"

"पाहून दाबाले कोणी सांगतलं तुले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा बसवायला गेलो. काका खुर्चीत, तोंड भिंतीकडे. मी नमस्कार केला, तर मान हलली, बस्स. नाटक लावलं. टीव्हीत हिरो गरजला, "आबासाहेब, ही जमीन तुमची असेल..." आणि गप्प!

बोंबला! नवं मशीन हँग! मी वायरीकडे धावलो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात काकू दिसल्या. एक हात पदराखाली, दुसऱ्या हाताचं बोट ओठावर.

खुर्ची करकरली. काकांची मान टीव्हीकडे वळली. हळूच म्हणाले, "पण तिच्यातला घाम आमचा आहे."

हिरो अजून अडकलेलाच. काका पुढे सरकले, आवाज चढला. "पण तिच्यातला घाम आमचा आहे!"

पदराखाली अंगठा हलला.

"पण तिच्यातला घाम आमचा आहे!" हिरो गरजला. टीव्हीत टाळ्यांचा कडकडाट.

काकांनी मांडीवर थाप मारली. "विमल! चहा ठेव वं! आता मले इथून उठता येत नाही. याले काहीच पाठ नाही!"