पिल्लं आजारीच पडेनात

उंदरांची पिल्लं नऊ दिवसांची झाली तरी ठणठणीत. सकाळपासून मी चौथ्यांदा पिंजरे पाहत होते. खुर्चीवर बूड टेकत नव्हतं.

आमची प्रयोगशाळा वाशीमला. तान्ह्या बाळांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस पिल्लांना पाजायचा, त्यांनाही जुलाब झाले की 'मॉडेल' तयार. मग त्यांच्यावर औषधं तपासायची. पण उंदराच्या पिल्लाला हा आजार पहिल्या पंधरवड्यातच होतो. नंतर विषाणू पाजा नाहीतर पाणी.

"शुक्रवारी निधी देणारी समिती येतेय," आमचे प्रमुख, सर म्हणाले. "आजारी पिल्लू दाखवता आलं नाही, तर प्रकल्प गुंडाळतील."

"डोस पुन्हा देऊ?"

"द्या. पण विषाणू जिवंत आहे का, ते आधी बघा."

जिवंत होता. पेशींवर टाकला, पेशी मेल्या. दुसरा डोस दिला. पिल्लं आणखी गुबगुबीत झाली. मला तर त्यांचा रागच येऊ लागला.

शेवटी त्यांच्या आयांचं रक्त तपासलं. त्यात प्रतिपिंडं निघाली, म्हणजे शरीरानं विषाणूशी लढून तयार केलेलं संरक्षण. ते दुधातून पिल्लांना मिळत होतं. पण या आयांना आम्ही विषाणू दिलाच नव्हता!

पिंजरे सांभाळणारे दशरथभाऊ जवळच्या रिठद गावचे शेतकरी. त्यांना विचारलं, "यांना बाहेरचं काही दिलं का?"

"खायले नाही दिलं, मॅडम. आथरून बदललं, त्या गाभन होत्या तवाच. तुमचा भुसा टोचते. बाळंतिनीले मऊ पायजे ना? घरच्या कोठ्यातलं सोयाबीनचं कुटार आनलं. चाळून, वाळवून."

कोठ्यातल्या, म्हणजे त्यांच्या गोठ्यातल्या उंदरांमधला याच जातीचा विषाणू त्या कुटारातून, सोयाबीनच्या भुसकटातून, आला होता. मोठ्या उंदरांना तो बाधत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

"बाहेरचं काही आणू नका, अशी पाटी आहे ना दारावर?"

"मले वाटलं, ते डब्याचं, तंबाकू-खर्र्याचं असन."

शुक्रवारी मी समितीला खरं सांगितलं. नियम मी लावला होता, पण त्यामागचं कारण कधी सांगितलं नव्हतं, चूक माझी. प्रकल्प वाचला, पण सहा महिने लांबला. संसर्ग झालेले सगळे उंदीर, पिल्लांसकट, संपवावे लागले, नाहीतर तो विषाणू नव्या उंदरांतही पसरला असता. मला फार वाईट वाटलं.

रिकामे पिंजरे धुता धुता दशरथभाऊ म्हणाले, "मायच्या दुधानं लेकरं वाचली होती. मंग मारली कायले?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावलं, कोठ्यापासून दुधापर्यंत. वरातीमागून घोडं. पहिल्याच दिवशी सांगायला दहा मिनिटं पुरली असती.