ताटाची रिकामी कड

ओव्हनच्या काचेतून कोंबडीच्या मांडीचे चार बिनहाडाचे तुकडे मी पाहत बसलो होतो. प्रथम ते आक्रसतात, मग कडेने रस सुटतो आणि शेवटी वरचा दही-मसाला तांबूस होतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे सुरी लावू नये. घाई केली की रस वाहून जातो आणि मांस चोथ्यासारखे लागते. ही शिस्त मी साठीनंतर शिकलो, कारण जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पत्नीला, सुमनला, मऊ घासच चावता येतो. वजन आणखी उतरले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

आमच्याकडे बुधवारची कोंबडी नेहमी हाडांसकट असे. सुमन प्रत्येक हाड चोखून ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवी आणि "मास्तर, अर्धं मांस हाडालाच ठेवलंत," म्हणत माझ्या ताटातलीही उचलून नेई. भूक दातांत, बोटांत, अशा लहानशा हट्टांत वस्तीला असते, असे मला आता वाटते. हट्ट गेले की पोट रिकामे असूनही ती निघून जाते.

मी तुकडे बारीक कापून ताट तिच्यापुढे ठेवले. तिने तीन घास खाल्ले.

"कोरडं झालंय का?" मी विचारले.

"नाही हो, चांगलं रसाळ आहे." तिने ताटाच्या रिकाम्या कडेवरून बोट फिरवले. "एखादं हाड आणायचं होतंत. चोखलं नसतं. नुसतं इथं ठेवलं असतं."

चौथा घास न घेता तिने ताट माझ्याकडे सरकवले.