भट्टीकाकांचा आहेर

भट्टीकाकांच्या घरात दही लावायला बंदी होती. विकतचं दहीसुद्धा दाराच्या आत चालत नसे. इडलीचं पीठ आंबवायचं नाही, ताक करायचं नाही. दह्यातले जंतू हवेतून जातात आणि गॅरेजात लावलेली बिअर नासवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको सांगलीकडची, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. ताकाशिवाय जिचं जेवण उरकत नसे, त्या बाईला अमेरिकेत सनीव्हेलमधल्या स्वतःच्या घरात कढी मिळायची नाही. फारच वाटलं तर वहिनी आमच्याकडे येऊन खायच्या आणि निघताना कोपरापर्यंत हात साबणाने धुवायच्या. एकदा मी तोंडावर म्हटलं, "अहो इंजिनिअर, वहिनींचे हाल करताय." ते म्हणाले, "हाल जंतूंचे होतात. माणसाला सवय होते."

ते गेले त्याला आता वर्ष होईल. शोकसभेत इथल्या मराठी मंडळींनी त्यांना दिलदार म्हटलं, मार्गदर्शक म्हटलं, एकाने तर वटवृक्ष म्हटलं. मी मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकून घेतलं. माणूस दुष्ट होता. या देशात मला मिळालेला एकुलता एक मित्रही तोच होता. वटवृक्ष वगैरे काही नव्हता. म्हणून जे खरं ते मी लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनेने तपासलंय, मजकुराला हात लावू दिलेला नाही.

भट्टीकाका हे नाव मीच ठेवलं. माझा मुलगा सांता क्लाराला चिपच्या कंपनीत आहे. मी इथे येऊन बरेच दिवस झाले होते, आमची ओळखही होती. त्यांनी पहिल्यांदा बिअर लावली त्या रविवारी तो आणि त्याचे मित्र मला त्यांच्याकडे घेऊन गेले. गॅरेज उघडं होतं आणि आत मोठ्या पातेल्यात सातू उकळत होता. तो वास नाकात गेला आणि मी बोलून गेलो, "च्यायला, इथे पण हातभट्टी लागते का?" पोरं हसून हसून खाली बसली. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ते मला म्हणाले, "ड्रायव्हर, माझ्या नावावर पेटंट आहेत. आणि या गावात मी ओळखला जातो तुम्ही ठेवलेल्या नावाने. एवढं नुकसान माझ्या कंपनीनेसुद्धा केलं नाही." मी जन्मभर ट्रक चालवला म्हणून मी ड्रायव्हर. ते इंजिनिअर. आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही.

त्यांच्या हातची बिअर प्यायची म्हणजे परीक्षा द्यायची. ग्लास हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय लागलं?" नागपूरचा एक नवा पोरगा, नुकताच व्हिसावर आलेला, त्याला वाटलं काकांना खूश करावं. "काका, एकदम कॅरॅमल आहे यार, आणि शेवटी थोडा स्मोकी," असं म्हणाला. भट्टीकाकांनी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. "कॅरॅमल आइस्क्रीमवर घालतात. आणि यार तुझा कॉलेजात असेल. जा, घरी जाऊन दूध पी." पोरगं पुन्हा त्या गल्लीत दिसलं नाही. माझी तर ते परीक्षाही घेत नसत. म्हणायचे, "तुमच्या जिभेला डिझेल आणि चहा यांतला फरक कळत नाही, ड्रायव्हर. तुम्हाला मी उचलायला ठेवलंय." ते मात्र खरं होतं. त्यांची पाठ गेलेली होती आणि उकळतं पातेलं उतरवायला माणूस लागायचा.

आता ही बिअर कुठून आली ते सांगतो. त्यांना एकच मुलगी, नेहा. इथेच जन्मली, इथेच वाढली. नोकरीला दूर उत्तरेला बेलव्ह्यूला गेली आणि तिथे पॅट्रिक नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलाचं घराणं मूळचं आयर्लंडचं आणि बाप पोस्टमन. भट्टीकाका लग्नाला गेले नाहीत. "पोस्टमनच्या घरी मुलगी दिली म्हणून सांगू लोकांना?" मी म्हटलं, "दिली कुठे, ती गेली." त्यावर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. वहिनींनाही त्यांनी जाऊ दिलं नाही. "तू गेलीस म्हणजे मीच गेलो," म्हणाले.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत व्याह्यांकडून एक खोकं आलं. आत घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या. तांबडी आयरिश बिअर, मध घालून केलेली. भट्टीकाका तोवर फक्त महागडी स्कॉच प्यायचे आणि बिअरला घोड्याचं मूत म्हणायचे. ते खोकं घेऊन मोरीवर ओतायला गेले. एक बाटली उघडली, वास घेतला, आणि तिथेच स्टुलावर बसले. आठवड्यात खोकं रिकामं. मला म्हणाले, "ड्रायव्हर, त्या पोस्टमनने मला मारलं."

देव त्यांनी सोडला होता, श्राद्धपक्ष सोडला होता, जानवं तर विमानातच काढून ठेवलं असं सांगायचे. पण आहेराचा हिशोब त्यांच्या हाडात होता. घेतलेला आहेर फेडावा लागतो, आणि फेडीचा आहेर हलका चालत नाही. "ओतून दिला असता तर सुटलो असतो," म्हणाले. "प्यायलो. म्हणजे घेतला." मग त्याच जातीची, पण त्याच्याहून सरस बिअर स्वतःच्या हाताने करून पाठवायची, आणि तोवर व्याह्याच्या किंवा मुलीच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. "रिकाम्या हाताने जायला मी काय भिकारी आहे?" इकडे नेहानेही सांगून टाकलं, नवऱ्याला बोलावणं येत नाही तोवर ती माहेरी येणार नाही. मधल्या मध्ये वहिनी, हातात फोन धरून. एकदा त्या म्हणाल्या, मी एकटीच जाऊन येते. भट्टीकाका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जा की. परतीचं तिकीट तेवढं काढू नकोस."

मग सुरू झालं ते. मोड आणून वाळवलेला सातू भरडायचा, गरम पाण्यात भिजवायचा, चोथा गाळायचा आणि तो गोड काढा तासभर उकळायचा. रंग तांबडा यावा म्हणून करपवलेला सातू, पण मूठभरच. जास्त पडला की बिअर काळी होते. मग तांब्याच्या वेटोळ्या नळीने काढा गार करायचा, पिंपात भरायचा आणि यीस्ट सोडायचं. मध अगदी शेवटी, पिंपात. उकळत्यात घातला तर वास उडून जातो. तरीही मधाची गोडी काही राहत नाही, ती सगळी यीस्ट खाऊन टाकतं. राहिलाच तर मागे नुसता वास राहतो. त्या वासासाठी हा माणूस वेडा झाला. संत्र्याच्या फुलांचा मध आणला, डोंगरातल्या झुडपांचा आणला, माझ्या मुलाला सांगून महाबळेश्वरहून जांभळाचा मध मागवला. त्या मधाची बिअर कडू झाली. "तुमच्या मुलासारखीच," म्हणाले. मी पातेलं तिथेच ठेवून घरी निघून आलो. दुसऱ्या दिवशी फोन, "ड्रायव्हर, रुसवा संपला असेल तर या. चोथा उचलायचाय."

प्रत्येक खेपेला तेच व्हायचं. बाटल्या भरायच्या, वाट बघायची, मग एक उघडायची. त्यांनी घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "नाही. पोस्टमनची नाही." मग सगळ्या बाटल्या मोरीत. आता समोर पोस्टमनची बाटली असती तर ताडून तरी बघितली असती. ती तर कधीच पोटात गेली होती. आठवणीतल्या बिअरशी स्पर्धा चालली होती. मी तसं बोललो, तर म्हणाले, "आठवण माझी आहे. तुम्ही ट्रकचा मायलेज आठवा."

तिसऱ्या वर्षी नेहाला मुलगी झाली. त्याच सुमारास एक खेप अशी उतरली की मी ग्लास खाली ठेवला नाही. तांबूस रंग, वर मऊ फेस, आणि गिळून झाल्यावर मागून मधाचा वास, जणू कोणी शेजारच्या खोलीत बरणी उघडली आहे. मी म्हटलं, "इंजिनिअर, झाली. द्या पाठवून." वहिनी कधी दारूला शिवल्या नव्हत्या, त्यांनी बोट बुडवून चाखली आणि तडक आत गेल्या. आतून कपाटाचा आवाज आला. पाळण्यातल्या नातीसाठी चांदीचे वाळे, दुपटी, डिंकाचे लाडू, बॅग महिन्याभरापासून अर्धी भरलेलीच होती. ती त्या पुरी भरायला लागल्या.

भट्टीकाका बराच वेळ ग्लास उजेडाकडे धरून बसले. मग म्हणाले, "बरी आहे. बरी पाठवायची नसते." आणि मला उचलायला न सांगता, पाठ धरून, एकेक बाटली स्वतः मोरीत ओतली. वहिनी बॅग घेऊन दारात आल्या तेव्हा शेवटची बाटली चालली होती. त्यांनी बघितलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "पुढची कधी लावताय?" एवढंच विचारलं, आणि बॅग परत आत नेली.

त्यानंतरही खेपा झाल्या, त्या मी मोजल्या नाहीत. नात फोनवर बोलायला लागली. आजोबांना ती "दॅट मॅन" म्हणायची, कारण ते कधी समोर येत नसत, मागून त्यांचा आवाज तेवढा यायचा. मग एका दुपारी आम्ही बाटल्यांना बुचं लावत होतो, तेवढ्यात वहिनी गॅरेजमध्ये आल्या. म्हणाल्या, "व्याही गेले. सकाळी, हार्ट अटॅक." भट्टीकाकांनी हातातलं बूच पुरतं दाबून बसवलं. मग म्हणाले, "मुद्दाम गेला. माझा आहेर घ्यायचा नव्हता त्याला."

वहिनी आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या साडी बदलून, बॅग घेऊन. मला म्हणाल्या, "भाऊजी, एअरपोर्टला सोडता का?" मी किल्ली काढली. भट्टीकाका तसेच स्टुलावर. मला वाटलं आता ते तिकिटाचं वाक्य पुन्हा बोलणार. वहिनींनी ते बोलायची वेळ येऊ दिली नाही. त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी पुढे होते. तुम्ही सावकाश या. चांगली जमली की या."

त्या परत आल्या नाहीत. मी रोज जायचो. आम्ही बिअर लावायचो आणि एकमेकांना टोचायचो. मी म्हणायचो, "पोस्टमन मेला, आता कोणासाठी उकळताय?" ते म्हणायचे, "तुमच्यासाठी नक्की नाही." घरात भांडी साठली, कपडे साठले, गॅरेज मात्र दवाखान्यासारखं स्वच्छ. एकदा विचारलं, "वहिनींना फोन करता का?" म्हणाले, "फोनवर काय पाजू?"

पुढच्या वर्षी एक खेप निघाली. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि उघडल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे ग्लास सरकवून विचारलं, "काय लागलं?"

मी प्यायलो. म्हटलं, "चांगली आहे. तिसऱ्या वर्षीच्या तोडीची आहे."

"तेव्हा असं स्पष्ट सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही ओतून टाकलीत."

दोन दिवसांनी त्यांनी तिकीट काढलं. बाटल्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत भरल्या. मी सॅन होजेच्या एअरपोर्टला सोडलं. निघताना म्हणाले, "गॅरेजची किल्ली ठेवा. आठ-पंधरा दिवस लागतील मला." दाढी गुळगुळीत केली होती आणि अंगात कोट, अगदी जावयाच्या घरी पहिल्यांदा निघालेला सासरा.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला, "ड्रायव्हर, घ्यायला या."

गाडीत बसले. बॅग हलकी झालेली दिसली. फ्रीवेला लागल्यावर त्यांनी स्वतःच सुरुवात केली. नेहाने दार उघडलं, जवळ घेतलं. नात आईच्या मागे लपली. जावयाने बॅग आत नेली. मग वहिनी आल्या. ग्लास मागून घेतला. सगळ्यांसमोर खुर्चीवर बसून त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. मग उठल्या आणि सिंकमध्ये ग्लास ओतला. राहिलेल्या बाटल्या उघडून त्याही ओतल्या, एकेक करून, शांतपणे.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बरी आहे. अजून जमली नाही. जमली की या."

"मग नेहा?"

"ती ओरडली, आई, स्टॉप इट. जावई म्हणाला, बट इट्स रिअली गुड."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला म्हटलं, शी इज राइट." त्यांनी कोटाचं बटण सोडलं. "जावयाशी बोललेलं माझं पहिलं वाक्य."

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "वहिनींचं चुकलं. एवढी वाईट नव्हती बिअर."

"वाईट?" भट्टीकाका हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, कोणाची तरी करामत आवडल्यासारखं. "आजवरची सगळ्यात चांगली होती ती, ड्रायव्हर. तिला पहिल्या घोटातच कळलं. म्हणून तर ओतली."