टेली काय नेसते?

आम्ही तिघं जमलो की घरची माणसं हळूच उठून आतल्या खोलीत जातात. तेच किस्से पुन्हा सुरू होणार, हे त्यांना पाठ झालंय. पण आमचा इलाज नाही. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये मराठी कॉमिक काढायचं म्हटल्यावर किस्से साठणारच.

गोष्ट मी लिहायचो, चित्रं वैशाली काढायची आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं सुनील. आमची नायिका सायखेड्याची रेवती. हात न लावता, नुसत्या मनाच्या जोरावर ती वस्तू हलवायची.

*

आमचा अड्डा म्हणजे कॉलेज रोडजवळची मधुकाकांची लायब्ररी. तिथे कॉमिक भाड्याने मिळायची. काकांनी त्यांचे तीन कप्पे केले होते: उडणारे, मारणारे आणि नुसते बघणारे. मनोशक्तीवाले सगळे तिसऱ्या कप्प्यात.

एकदा मी काकांना नीट समजावून सांगितलं, की या शक्तीला टेलिकायनेसिस म्हणतात.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "टेली कोण? आणि ती काय नेसते?"

*

सुनीलचा मात्र या शक्तीवर मनापासून विश्वास. एका रविवारी मिसळ खायला गेलो, तर याने चमचा समोर ठेवला आणि त्याच्यावर नजर रोखून बसला. आमचं खाऊन झालं, ताकही पिऊन झालं. त्याची मिसळ गार झाली तरी पठ्ठ्याची पापणी लवेना.

शेवटी वेटर आला. थोडा वेळ त्यानेही चमच्याकडे बघितलं, मग तो उचलून दुसरा ठेवला. "खराब होता तर सांगायचं ना साहेब."

सुनील आजही म्हणतो, चमचा हलला की नाही ते सांगा.

*

वैशालीची अडचण खरी होती. जी शक्ती दिसतच नाही, ती काढायची कशी? तिने रेवतीच्या कपाळातून नागमोडी रेषा काढल्या. मधुकाकांनी विचारलं, पोरीला ताप आलाय का?

मग एक दिवस घरी तिच्या लक्षात आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसती उभी राहिली, की वडील पेपरची घडी घालतात आणि भाऊ सोफ्यावरचे पाय खाली घेतो. आई एक शब्द बोलत नाही. वैशालीने ती नजर जशीच्या तशी रेवतीला दिली आणि रेषा खोडून टाकल्या.

नवं पान काकांपुढे ठेवलं. काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पानाच्या कोपऱ्यावर ठेवलेला आपला चहाचा कप मुकाट्याने उचलून घेतला.

*

पुण्याच्या एका प्रकाशकाने सगळी पानं सभ्यपणे चाळली. चित्रं छान आहेत, म्हणाले, पण खेड्यातली मुलगी कांद्याचा ट्रक उचलते हे कुणाला पटणार? तिच्या जागी मुलगा घ्या.

वैशाली परक्या माणसांसमोर फारशी बोलत नसे. त्या दिवशी तिने शांतपणे विचारलं, "मुलाने उचललेला पटतो तुम्हाला?"

त्यांनी आम्हाला चहा पाजला, पुस्तक नाही छापलं. परतीच्या एसटीत ठरलं, आपणच छापायचं. मधुकाकांनी ओळखीच्या छापखान्यात शब्द टाकला.

*

प्रकाशन लायब्ररीतच होतं. छापून आलेले गठ्ठे आदल्या दिवशी आत ठेवले होते. पिंपळगाव बसवंतच्या शाळेतल्या एका बाईंनी आमच्या पानांच्या झेरॉक्स लायब्ररीतून नेऊन वर्गात वाचून दाखवल्या होत्या, त्यामुळे त्यांचा अख्खा वर्ग टेम्पोतून आला होता.

आणि शटर अडकलं. कुलूप निघालं, शटर हलेना. सुनील, टेम्पोवाला, शेजारचे दुकानदार, सगळे घाम गाळून बाजूला झाले. शटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, कापावं लागेल, उद्या येतो. पोरांचे चेहरे उतरले. वैशाली तर रडायच्या बेतात होती.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "रेवती तुम्हीच काढली ना? मग तुम्ही उघडा ना, ताई."

कुणी हसलं नाही. वैशालीने आमच्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. शेवटी ती शटरसमोर जाऊन उभी राहिली. हात बाजूला, नजर समोर.

आतून कट्ट असा आवाज आला आणि शटर खडखडत पार वरपर्यंत गेलं.

दुपारपर्यंत एकही प्रत उरली नाही. पोरं टेम्पोत उभ्याउभ्याच वाचायला लागली. टेम्पोवाला मात्र गाडी सुरू करेना. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून वैशालीला अदबीने विचारलं, "ताई, निघू का आम्ही?"